माळ मोकळा आहे, दिशा मोकळी नाही

म्हसवडच्या बाजूच्या एका शिक्षकांनी विचारलंय: "आमच्या माण-खटावात, तिकडं आटपाडी-जतमध्ये हजारो एकर माळ नुसता पडलाय. पाऊस नाही, वस्ती विरळ, आभाळ बहुतेक वर्षभर निरभ्र. जगातले रॉकेटतळ बघितले तर सगळे असेच वाळवंटात नाहीतर आडबाजूला. मग श्रीहरिकोटाच का, माणदेश का नाही? आठवीच्या मुलांनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. यामागं राजकारण आहे का?"

सर, मुलांचा प्रश्न चांगला आहे. मी मूळचा तासगाव तालुक्यातला. नोकरीची जवळजवळ सगळी वर्षं पूर्व किनाऱ्यावर रेंज सेफ्टीत गेली, आता मिरजेत असतो. रेंज सेफ्टी म्हणजे उडालेलं रॉकेट भरकटलं तर ते कुणाच्या डोक्यावर पडू नये याची काळजी वाहणारी माणसं. रॉकेट वर कसं जातंय हे बघायला पुष्कळ जण असतात. खाली कुठं येईल हे बघायचं काम आमचं. त्यामुळं माझं उत्तर त्याच अंगानं येणार. इंजिनवाल्याला किंवा सिव्हिलवाल्याला विचारलंत तर तो कदाचित दुसरीकडून सुरुवात करेल.

तुमच्या प्रश्नातली मेख 'मोकळी जागा' या शब्दांत आहे. रॉकेट उभं करायला जागा फार लागत नाही. लाँचपॅड, जुळणीची इमारत, इंधनाच्या टाक्या आणि यांच्यात स्फोटाच्या भीतीनं सोडलेलं अंतर, एवढ्याला काही हजार एकर पुरतात. तेवढा माळ माणदेशात सहज निघेल. पण खरी मोकळीक पायाखाली नाही, समोर लागते, आणि ती शेकडो किलोमीटर लागते.

वर्गात भारताचा मोठा नकाशा असेलच. म्हसवडला टाचणी लावा, तिला सूत बांधा आणि सरळ पूर्वेला ताणा. पूर्वेलाच का? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडं फिरते. विषुववृत्तावर हा वेग सेकंदाला सुमारे ४६५ मीटर असतो, आपल्या अक्षांशावर सुमारे ४४३. पूर्वेला उडालं की तेवढा वेग आयता मिळतो. आता सूत कुठून जातं ते बघा. पन्नास-साठ किलोमीटरवर पंढरपूर. सव्वाशेच्या आत सोलापूर. मग झहीराबाद, संगारेड्डी, हैदराबादची उत्तरेकडची उपनगरं, भद्राचलम, आणि सुमारे नऊशे किलोमीटरनंतर विशाखापट्टणमला समुद्र. विठोबापासून निघून भद्राचलमच्या रामापर्यंतची सगळी माणसं त्या सुताखाली आली.

उपग्रह नेणारं रॉकेट टप्प्याटप्प्याचं असतं. आपल्या इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचा पहिला टप्पा साधारण दोन मिनिटांत रिकामा होऊन सुटतो, तोवर ते पन्नास किलोमीटरच्या वर गेलेलं असतं. रिकामा म्हटला तरी हा टप्पा सुमारे ३० टनांचा. भरलेल्या उसाच्या दीड-दोन ट्रकांएवढं ते वजन काहीशे किलोमीटर पुढं जाऊन पडतं. बाजूला बांधलेली छोटी रॉकेटं त्याच्या आधी सुटतात, म्हणजे अलीकडं पडतात. आणि हे सगळं बिनचूक झालं तर! यात अपघात कुठंच नाही. आषाढीला तर उड्डाण ठेवायचं नावच घेऊ नका.

अपघाताचं बोलायचं तर आमच्या कामाची रीत सांगतो. उड्डाण चालू असताना आमच्यासमोर नकाशा असतो आणि त्यावर एक ठिपका. रॉकेट कुठं आहे ते हा ठिपका दाखवत नाही. याच क्षणी इंजिन बंद पडलं तर हे धूड कुठं पडेल, ते दाखवतो. सुरुवातीची काही सेकंदं तो तळाच्या आसपासच घुटमळतो, कारण रॉकेट जवळजवळ उभं चढत असतं. मग आडवा वेग वाढेल तसा तो पुढं सरकायला लागतो. आधी सावकाश, मग झपाझप, आणि शेवटी शेवटी एका दमात समुद्रच्या समुद्र ओलांडतो. उपग्रहाला हवा तेवढा वेग मिळाला की ठिपका नकाशावरून नाहीसाच होतो, कारण आता ते पडणार नाही, फिरत राहणार. नकाशावर दोन्ही बाजूंना रेषा आखलेल्या असतात. ठिपका रेषेला टेकला की रॉकेट हवेतच फोडायचा हुकूम द्यायचा. मग ते कितीही कोटींचं असो आणि बघायला कुणीही आलेलं असो.

एकदा सरावात माझ्याकडून हुकूम तीन-चार सेकंद उशिरा गेला. वाटलं, सावरेल. सावरलं नाही. सगळं खोटंखोटं होतं, पण वरिष्ठांनी तुकडे जिथं पडले असते त्या गावाचं नाव मला फळ्यावर लिहायला लावलं. दिवसभर ते पुसू दिलं नाही.

आता हा ठिपका म्हसवडहून पूर्वेला सोडा आणि दोन्ही बाजूच्या रेषा कुठं आखायच्या ते सांगा. मला तरी आखता येणार नाहीत. रेषेच्या आतच पंढरपूर आहे.

हे शहाणपण जगाला पहिल्या दिवशी आलं नव्हतं, ते ठेचा खात आलं. मोठी रॉकेटं बनवणारे पहिले जर्मन. त्यांनी १९३६ पासून बाल्टिक समुद्रातल्या उझेडोम बेटावर पेनेमुंडेला तळ उभारला. आडबाजूची जागा, गुप्तता राहील, आणि किनाऱ्याला समांतर मारा केला तर रॉकेट समुद्रात पडेल पण किनाऱ्यावरून त्याच्यावर नजर ठेवता येईल, असा तो हिशेब. ३ ऑक्टोबर १९४२ ला त्यांचं ए-४, म्हणजे पुढं व्ही-२ म्हणून कुप्रसिद्ध झालेलं रॉकेट, सुमारे १९० किलोमीटर जाऊन समुद्रात पडलं.

युद्ध संपल्यावर हीच रॉकेटं अमेरिकेनं उचलून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेली. व्हाइट सँड्स, जुलै १९४५. तुमच्या माळाची आठवण यावी असाच मुलूख: कोरडा, उघडा, गुरं राखणाऱ्यांची तुरळक वस्ती. दोन वर्षं बरी गेली. २९ मे १९४७ ला उत्तरेला जायचं एक व्ही-२ दक्षिणेला वळलं, एल पासो शहरावरून गेलं, सरहद्द ओलांडून मेक्सिकोत शिरलं आणि हुआरेझजवळ एका कब्रस्तानापाशी पडलं. सुमारे १५ मीटर रुंद खड्डा पडला. माणूस एकही दगावला नाही, हे निव्वळ नशीब. दुसऱ्या देशावर रॉकेट टाकलं म्हणून अमेरिकेला माफी मागावी लागली. तिकडच्या लोकांनी मात्र रॉकेटचे तुकडे म्हणून इतकं भंगार विकलं की ते सगळं जोडलं असतं तर दोन-तीन रॉकेटं झाली असती, असं गमतीनं सांगतात.

या एका खड्ड्यानं पुढचा इतिहास वळवला. लांब पल्ल्याच्या तळासाठी अमेरिकेची पहिली पसंती कॅलिफोर्नियातल्या एल सेंट्रोला होती. तिथून उडायचं तर मेक्सिकोच्या बाहा भागावरून जावं लागलं असतं. हुआरेझनंतर मेक्सिकोनं नकार दिला. मग फ्लोरिडातला डासांनी भरलेला वाळूचा पट्टा नशिबानं पुढं आला, केप कॅनव्हरल. पूर्वेला अथांग अटलांटिक. पहिलं उड्डाण २४ जुलै १९५०.

तिथंही दिशा सुटली की व्हायचं ते झालंच. ३० नोव्हेंबर १९६० ला केपहून निघालेल्या एका रॉकेटचे तुकडे क्युबात पडले आणि एक गाय मेली. क्युबानं केवढा गहजब केला म्हणता! पण चूक त्यांची नव्हती. दक्षिणेला, ध्रुवाकडं जाणाऱ्या कक्षांसाठी अमेरिकेनं पुढं दुसऱ्या किनाऱ्यावरचा कॅलिफोर्नियातला व्हँडनबर्ग तळ वापरला, कारण तिथून दक्षिणेला नुसतं पाणी आहे. आमच्या धंद्यात नव्या पोरांना ही गाय हमखास सांगितली जाते.

मग तुम्ही म्हणाल, बैकोनूर आहे ना, ते तर कझाकस्तानच्या गवताळ माळावर, समुद्रापासून कोसो दूर. बरोबर. सोव्हिएत रशियाकडं उबदार मोकळा समुद्र पूर्वेला नव्हता, पण जमीन अफाट होती. १९५५ मध्ये त्यांनी त्युरातम नावाच्या रेल्वे स्टेशनजवळची जागा धरली. त्यांच्या आर-७ क्षेपणास्त्राला वाट दाखवायला तळाच्या दोन्ही अंगांना बऱ्याच अंतरावर रेडिओ केंद्रं लागत होती, म्हणून सपाट आणि रुंद मुलूख हवा होता. मारा थेट कामचाटकापर्यंत, सहा हजारांवर किलोमीटर, आणि सगळा स्वतःच्याच देशावरून. 'आडबाजू' ही नीट बघितली तर पूर्ण आडबाजू नाही, हेही लक्षात घ्या. मॉस्को–ताश्कंद रेल्वे दारातून जाते आणि सिर दर्या नदीचं पाणी शेजारी आहे. रूळ आणि पाणी नसेल तर तळ होत नाही, माळ कितीही मोठा असो. नाव मात्र चकवायला ठेवलं. खरं बैकोनूर तिथून तीनशेच्या वर किलोमीटर दूर, खाणकामगारांचं गाव. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुट्निक इथूनच गेला, १२ एप्रिल १९६१ ला गागारिन.

पण जमिनीवरून उडायची किंमत त्यांना आजही मोजावी लागते. बैकोनूर ४६ अंश उत्तरेला. सरळ पूर्वेला उडालं तर टप्पे चीनमध्ये पडतील. म्हणून ते तिरके, ईशान्येला उडतात आणि पृथ्वीच्या फिरण्याच्या फायद्याचा काही भाग सोडून देतात. टप्पे पडतात ते गवताळ माळावर आणि अल्ताईच्या डोंगरांत. तिथले लोक ते धातू गोळा करतात, विकतात. उत्तरेकडच्या प्लेसेट्स्क तळाचे टप्पे पडतात त्या भागात तर शिकारी रॉकेटच्या पत्र्याच्या होड्या करून वापरतात. ऐकायला मौज वाटते, पण काही रॉकेटांच्या टाक्यांत हेप्टिल नावाचं जालीम विष उरलेलं असतं.

चीननंही शीतयुद्धात शत्रूच्या विमानांपासून लांब म्हणून तळ आत, खूप आत नेले. १५ फेब्रुवारी १९९६ ला शीचांग तळावरून सुटलेलं लाँग मार्च ३बी रॉकेट सुरुवातीलाच कलंडलं आणि शेजारच्या वस्तीजवळ जाऊन फुटलं. अधिकृत आकडा ६ मृत्यूंचा. पुढं त्यांनी हायनान बेटावर वेनचांगला समुद्रकाठचा तळ बांधला, तिथून २०१६ मध्ये पहिलं उड्डाण झालं. आतल्या तळांवरून आजही उडतात आणि टप्पे डोंगरातल्या गावांजवळ पडल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेही असतील. तेव्हा 'रशिया-चीनला जमतं तर आपल्याला का नाही' या प्रश्नाला माझं उत्तर असं की त्यांनाही जमत नाही, ते चालवून घेतात.

अक्षांशाचंही एकदा बोलून टाकतो, कारण मुलांना पाठ्यपुस्तकात 'विषुववृत्ताजवळ तळ असावा' एवढंच सापडतं. ते खरं आहे, पण म्हसवडचं घोडं तिथं अडत नाही. श्रीहरिकोट्याला पृथ्वीचा वेग सेकंदाला सुमारे ४५२ मीटर, म्हसवडला ४४३. कक्षेत राहायला लागतो सेकंदाला सुमारे ७,८०० मीटर. नऊ मीटरचा फरक म्हणजे लग्नाच्या जेवणात एका वाढप्याची एक पळी. माळ समुद्रसपाटीपासून उंच आहे, त्याचाही फायदा नगण्य. ज्यांना खरंच विषुववृत्ताचा मोह होता ते फ्रेंच. त्यांचा पहिला तळ अल्जेरियाच्या सहारात, हम्मागीरला. तिथून २६ नोव्हेंबर १९६५ ला त्यांनी पहिला उपग्रह सोडला. पण अल्जेरिया १९६२ मध्येच स्वतंत्र झाला होता आणि करारानुसार १९६७ पर्यंत तळ रिकामा करायचा होता. म्हणून त्यांनी जगभरातल्या १४ जागा तपासल्या, त्यात श्रीलंकेचं त्रिंकोमालीही होतं. शेवटी १९६४ मध्ये दक्षिण अमेरिकेतलं फ्रेंच गयानातलं कुरू ठरलं. अक्षांश फक्त ५ अंश, आणि मुख्य म्हणजे पूर्वेलाही समुद्र, उत्तरेलाही समुद्र.

आणि याच्या उलट टोकाला इस्रायल. त्यांच्या पूर्वेला शेजारी देश, त्यांच्यावर टप्पा टाकणं म्हणजे युद्धाला आमंत्रण. म्हणून ते पश्चिमेला, भूमध्य समुद्रावरून, पृथ्वीच्या फिरण्याच्या विरुद्ध उडतात. मिळणारा वेग मिळत नाही आणि वर उलट भरून काढावा लागतो, तरीही. वेग विकत घेता येतो, मोकळी दिशा विकत मिळत नाही.

आता कुणी म्हणेल, मग रत्नागिरी-देवगडला करा, कोकणात समुद्र आहे की! आहे, पण चुकीच्या बाजूला. कोकणातून पूर्वेला उडालं की पहिल्यांदा सह्याद्री आणि मग आपणच, कोल्हापूर-सांगली-सातारा. पश्चिमेला उडालं तर इस्रायलसारखा तोटा.

मग केरळातला थुंब्याचा रॉकेटतळ पश्चिम किनाऱ्यावर कसा, असं एखादा हुशार पोरगा विचारेल. विचारायलाच हवं. थुंब्याची रॉकेटं वेगळी. ती कक्षेत जात नाहीत, वर जातात, मोजमाप करतात आणि समुद्रात पडतात. त्यांना पूर्व-पश्चिम सारखंच. आणि थुंबा निवडलं ते चुंबकीय विषुववृत्त तिथून जातं म्हणून. त्या रेषेवर सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर हवेत विजेचा एक प्रवाह वाहतो. तिथं फुगा पोचत नाही आणि इतक्या खाली उपग्रह टिकत नाही, म्हणून रॉकेटच हवं. विक्रम साराभाईंनी ही जागा ठरवली तेव्हा जागा शोधणाऱ्यांत आपले कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते, हे मुलांना जरूर सांगा. तिथं कोळ्यांची वस्ती होती आणि सेंट मेरी मॅग्डलीनचं चर्च होतं. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी आपल्या मंडळींशी बोलून जागा दिली. चर्च ऑफिस झालं, बिशपांचं घर वर्कशॉप झालं, आणि २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी अमेरिकेकडून आलेलं नाइकी-अपाची रॉकेट तिथून उडालं. ते चर्च आज संग्रहालय म्हणून उभं आहे.

उपग्रहांचा विचार सुरू झाला आणि थुंबा पुरेना. पूर्व किनारा धुंडाळला गेला आणि १९६९ मध्ये श्रीहरिकोटा ठरलं. एका बाजूला बंगालचा उपसागर, दुसऱ्या बाजूला पुलिकत सरोवर, मध्ये झाडीनं भरलेली लांबट पट्टी. चेन्नई शंभर किलोमीटरच्या आत, म्हणजे बंदर, विमानतळ, इस्पितळ सगळं आवाक्यात. सुळ्ळुरपेटला रेल्वे. ९ ऑक्टोबर १९७१ ला पहिलं छोटं रोहिणी रॉकेट उडालं, १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ नं रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. त्याच्या आदल्या वर्षीचं, १० ऑगस्ट १९७९ चं उड्डाण समुद्रात पडलं होतं. समुद्रात पडलं, म्हणून आज ते अपयशाची गोष्ट म्हणून सांगता येतं. सोलापूरवर पडलं असतं तर कार्यक्रमच उरला नसता.

श्रीहरिकोटाही परिपूर्ण नाही. दक्षिणेला जायचं म्हटलं की वाटेत श्रीलंका. म्हणून पीएसएलव्ही आधी आग्नेयेला जातं, श्रीलंकेला बगल देतं आणि मग दक्षिणेला वळतं. या वळणात इंधन जातं. मोठ्या रॉकेटला ते परवडतं, पण पाचशे किलोपर्यंतचं ओझं नेणाऱ्या एसएसएलव्हीसारख्या छोट्याला नाही. म्हणून तर तमिळनाडूत तूतुकुडी जिल्ह्यात कुलशेखरपट्टिणमला नवा तळ होतोय. २८ फेब्रुवारी २०२४ ला भूमिपूजन झालं. तिथून सरळ दक्षिणेला श्रीलंका वाटेत येत नाही. बघा, भारतासारख्या एवढ्या मोठ्या देशानं दुसरा तळ शोधला तोही नकाशाच्या टोकाला, दिशा मोकळी सापडावी म्हणूनच.

'राजकारण आहे का' याचं उत्तर त्यामुळं निम्मं नाही, निम्मं हो. जागेच्या निवडीत नाही, ती भूगोलानं केलेली. पण तुमच्या प्रश्नातल्या 'माळ नुसता पडलाय' या वाक्यात मात्र आहे, आणि तुम्ही रागावणार नाही असं धरून सांगतो.

माझं आजोळ कोयनेच्या खोऱ्यात होतं. मी लहान असताना धरण भरलं आणि ते पाण्याखाली गेलं. 'तिकडं तसं कुणी फारसं नव्हतंच' हे वाक्य मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलंय. आई असं बोलणाऱ्याला चहा विचारायची नाही. पुढं नोकरीत मला कळलं की जगातल्या जवळपास प्रत्येक रॉकेटतळाच्या कागदावर हेच वाक्य आहे.

ऑस्ट्रेलियातलं वूमेरा घ्या. १९४७ मध्ये ब्रिटिशांनी आणि ऑस्ट्रेलियानं मिळून काढलेला तळ. ऐन भरात त्याचा पट्टा सुमारे २,७०,००० चौरस किलोमीटरचा होता, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास नऊ दशांश. 'रिकामं' वाळवंट. पण तिथं आदिवासी जमाती पाणवठ्यावरून पाणवठ्यावर फिरत होत्या. चार्ल्स ड्युगिड नावाच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच जाहीर विरोध केला. सरकारनं तोड काय काढली? त्या लोकांना सावध करायला एक गस्त अधिकारी नेमला, वॉल्टर मॅकडुगल. एवढ्या मुलखाला एक माणूस! आणि तळाचं नाव 'वूमेरा' हा शब्द आदिवासींच्याच भाषेतला, भाला फेकायच्या काठीचा. माणसं हलवायची आणि त्यांचा शब्द पाटीवर ठेवायचा.

ब्राझीलचं अल्कंतरा विषुववृत्तापासून जेमतेम अडीच अंश, पुढं समुद्र, म्हणजे माझ्या हिशेबानं जगातल्या सर्वांत सोयीच्या जागांपैकी एक. १९८० च्या दशकात तिथली, गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांच्या वंशजांची तीनशेच्या वर कुटुंबं उठवून आतल्या भागात नेली. मासेमारीवर जगणाऱ्यांना समुद्रापासून लांब घर दिलं तर काय होतं, ते कोयनेच्या माणसाला सांगायला नको. श्रीहरिकोट्यातही यानादी आदिवासी राहत होते. मध, मासे, रानातली औषधं हीच त्यांची शेती.

सगळीकडं तसंच झालं असंही नाही. स्वीडनमधल्या किरुनाजवळ एसरेंज तळ १९६६ पासून आहे. रॉकेटं पडतात त्या हजारो चौरस किलोमीटरच्या प्रदेशात सामी लोक रेनडियर चारतात. त्यांना हलवलं नाही. उड्डाणाआधी कळवायचं आणि रानात जागोजागी आसऱ्याच्या खोल्या बांधून द्यायच्या, अशी रीत पाडली. जपानच्या तानेगाशिमात कितीतरी वर्षं कोळ्यांच्या संघटनांशी ठरलेल्या दिवसांतच उड्डाणं होत. शास्त्रज्ञ कुरकुरायचे, पण मासेमारीचा हंगाम आधी. म्हणून माणसांसोबत तळ चालतो की नाही, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. छोटी, सरळ वर जाणारी रॉकेटं असतील, वस्ती फिरती असेल आणि सरकारला विचारायची सवय असेल तर माणसांसोबत तळ चालतो. उपग्रहाचं मोठं रॉकेट असेल तर नाही चालत, कितीही विचारा.

आणि तुमचा माळ? सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलंय म्हणून तो रिकामा होत नाही. खिल्लार जनावर याच माळानं घडवलं, आटपाडी महालाचा खिल्लार असं आपण अभिमानानं सांगतो. जतकडची माडग्याळ मेंढी याच गवतावर. मेंढरं घेऊन धनगर कधी जातात, कधी परत येतात हे पंचांगापेक्षा पक्कं असतं. कर्नाटकात, चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरेला असाच माळ होता, अमृतमहाल जातीच्या गुरांचं कुरण. तिथं दहा हजारांच्या आसपास एकर जमीन वेगवेगळ्या संस्थांना दिली गेली आणि मेंढपाळ थेट हरित लवादापर्यंत गेले. तिथंच २ एप्रिल २०२३ ला इस्रोनं पंखवाल्या यानाचं उतरवणं यशस्वी करून दाखवलं. हेलिकॉप्टरनं साडेचार किलोमीटर वर नेलं, सोडलं आणि ते धावपट्टीवर आपलं आपण उतरलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मुलांना दोन्ही सांगाव्यात असं मला वाटतं.

यात तुमच्या प्रश्नाचं एक आशादायक उत्तरही दडलंय. आतल्या कोरड्या मुलखात उड्डाण होत नाही, पण अवकाशाची पुष्कळ कामं होतात. यान उतरवण्याच्या चाचण्या चळ्ळकेरेला होतात. इंजिन जमिनीला जखडून पेटवायच्या चाचण्या तमिळनाडूत महेंद्रगिरीच्या डोंगराआड होतात, तिथं रॉकेट जाग्यावरून हलतच नाही, त्यामुळं दिशेचा प्रश्नच नाही. उद्या माणदेशात असं काही आलं तर मला नवल वाटणार नाही. तेव्हा पहिली बैठक मेंढपाळांबरोबर घ्या म्हणावं.

मुलांसाठी एवढं करा. सूताचा खेळ आधी खेळा, चारही दिशांना. दक्षिणेला ताणलंत तर कर्नाटक उभं लागतं, उत्तरेचं तर बोलायलाच नको. मग श्रीहरिकोट्याहून पूर्वेला ताणा आणि अंदमानपर्यंत सुताखाली काय येतं ते विचारा. शाळेचं छोटं कागदी-पुठ्ठ्याचं रॉकेट उडवायचं असेल तर पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत कळवून, सुगी संपल्यावर, वारा पडलेला असताना सकाळी उडवा. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: शेपटीला पंख असलेलं छोटं रॉकेट वाऱ्याबरोबर वाहत जात नाही, उलट वाऱ्याच्या तोंडाकडं वळतं. थुंब्यात म्हणूनच उड्डाणाआधी फुगे सोडून वारा मोजत. पोरं मात्र हटकून वाऱ्याच्या खालच्या बाजूला शोधायला पळतात. त्यांना पळू द्या, मग विचारा कुठं सापडलं.